दरडोई उत्पन्न : वेगाचे कौतुक, घसरणीचा विसर

राष्ट्रीय उत्पन्नाचे नवे अंदाज प्रसिद्ध झाले की वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर एकच आकडा ठळक अक्षरांत झळकतो : यंदा वाढीचा दर किती? सहा टक्के, सात की साडेसात? सत्ताधारी पक्ष त्या आकड्याचे श्रेय घेतो, विरोधी पक्ष त्याच्या विश्वासार्हतेविषयी शंका उपस्थित करतो आणि दोन-चार दिवसांत सारा विषय मागे पडतो. २०२२ च्या सुमारास एकूण उत्पन्नाच्या जागतिक क्रमवारीत भारताने ब्रिटनला मागे टाकले तेव्हाही असाच आनंदोत्सव झाला. एकेकाळच्या राज्यकर्त्यांच्या पुढे गेल्याचे समाधान स्वाभाविक आहे. त्याची चेष्टा करण्याचे कारण नाही. तथापि १४० कोटी लोकांच्या उत्पन्नाची पावणेसात कोटी लोकांच्या उत्पन्नाशी तुलना करताना शेवटी भागाकार करावा लागतो, याचा त्या उत्साहात अनेकांना विसर पडला.

हा भागाकार प्रस्तुत लेखक दरवर्षी पदवीच्या वर्गात फळ्यावर करून दाखवतो. भारताचे दरडोई वार्षिक उत्पन्न आज चालू किमतींनुसार दोन लाख रुपयांच्या आसपास आहे. म्हणजे पाच माणसांच्या कुटुंबाला वर्षाला दहा लाख आणि महिन्याला ऐंशी हजारांहून अधिक. "तुमच्यापैकी किती जणांच्या घरी महिन्याला एवढे पैसे येतात?" असा प्रश्न विचारला की तालुक्याच्या गावातील त्या वर्गात आधी हशा पिकतो. मग एखाद-दुसरा हात वर होतो. तो बहुधा शिक्षकाच्या किंवा बँकेतील नोकरदाराच्या मुलाचा असतो. राष्ट्रीय उत्पन्नात कंपन्यांनी राखून ठेवलेला नफा आणि सरकारच्या वाट्याला येणारी रक्कमही धरलेली असते, हे विद्यार्थ्यांना सांगावेच लागते. परंतु एवढ्याने त्या हशाचे उत्तर मिळत नाही.

दरडोई उत्पन्न ही शेवटी एक सरासरी आहे. तिच्या मर्यादा ठाऊक असूनही अर्थशास्त्राला तिच्यावाचून चालत नाही, कारण पन्नास-पाऊणशे वर्षांच्या कालावधीत कोणता देश कोठून निघाला आणि कोठे पोहोचला, हे सांगणारे दुसरे सोयीस्कर माप आपल्यापाशी नाही. विकसनशील देशांच्या अशा दीर्घ वाटचालीकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. जे देश पुढे गेले ते सर्वच काही असामान्य वेगाने धावले नाहीत. परंतु ते क्वचितच कोसळले. मागे राहिलेल्या देशांपैकी अनेकांनी काही वर्षे उत्तम वेग गाठला होता, मात्र मिळवलेले पुनःपुन्हा गमावले. आपली सार्वजनिक चर्चा वेगाभोवतीच फिरते. घसरणीचा विचार तिच्यात क्वचितच येतो.

वीस रुपये आणि चौतीस रुपये

दरडोई उत्पन्नाची कल्पना आपल्याकडे परदेशी पाठ्यपुस्तकांतून आली, अशी अनेकांची समजूत असते. वस्तुतः या देशाचे दरडोई उत्पन्न मोजण्याचा पहिला गंभीर प्रयत्न एका भारतीयाने केला. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात पूर्वी गणिताचे अध्यापन केलेल्या दादाभाई नौरोजींनी १८६७-६८ या वर्षाचे हिंदुस्थानचे दरडोई उत्पन्न वीस रुपये असल्याचे दाखवून दिले. हे आकडे त्यांनी सरकारच्याच अहवालांतून जमा केले होते. या आकड्याशेजारी त्यांनी दुसरा आकडा ठेवला : माणसाला केवळ जगण्यासाठी चौतीस रुपये लागतात. त्यासाठी त्यांनी तुरुंगातील कैद्यांच्या अन्नवस्त्रांवर होणाऱ्या खर्चाचाही आधार घेतला होता. सरकार आपल्या कैद्यावर जेवढा खर्च करते तेवढेही सामान्य रयतेच्या वाट्याला येत नाही, हा त्या दोन आकड्यांचा अर्थ सांगण्यासाठी वेगळ्या भाषणाची गरज नव्हती.

पुढील काळाचे चित्रही याहून फारसे आशादायक नव्हते. जगातील देशांच्या उत्पन्नाचे दीर्घकालीन अंदाज तयार करण्यात हयात घालवलेले अर्थशास्त्रज्ञ अँगस मॅडिसन यांच्या हिशेबाप्रमाणे, १९९० च्या किमतींनुसार भारताचे दरडोई उत्पन्न १९०० मध्ये ५९९ डॉलर होते आणि १९५० मध्ये ६१९ डॉलर. ही वाढ जेमतेम सव्वातीन टक्क्यांची. तीही वर्षाला नव्हे, पन्नास वर्षांत मिळून. या काळात रेल्वेचे जाळे विस्तारले, कापडगिरण्या वाढल्या, जमशेदपूरला पोलाद तयार होऊ लागले. परंतु सरासरी माणूस होता तेथेच राहिला.

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली. पुण्याच्या गोखले संस्थेचे प्रा. धनंजयराव गाडगीळ आणि डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव हे तिचे अन्य सदस्य होते. तेव्हापासून आपल्याकडे हे आकडे पद्धतशीरपणे मोजले जाऊ लागले. १९५० ते १९८० या तीन दशकांत राष्ट्रीय उत्पन्न वर्षाला सरासरी साडेतीन टक्क्यांनी वाढले. लोकसंख्येची दोन टक्क्यांहून अधिक वाढ वजा केली म्हणजे दरडोई वाढ सव्वा ते दीड टक्का उरते. प्रा. राज कृष्ण यांनी या वेगाला 'हिंदू वृद्धिदर' असे खोचक नाव दिले. आधीच्या अर्धशतकातील साचलेपणाशी तुलना करता ही प्रगतीच होती. परंतु या वेगाने उत्पन्न दुप्पट होण्यास पन्नास वर्षे लागतात, म्हणजे नातवाच्या हाती आजोबांच्या दुप्पट उत्पन्न पडते. तेवढ्यात जग बरेच पुढे निघून जाते.

दोन देशांची कहाणी

जग कसे पुढे निघून गेले, याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण दक्षिण कोरिया आणि घाना यांचे आहे. जागतिक बँकेच्या आकडेवारीनुसार १९६० मध्ये त्या वेळच्या डॉलरमध्ये दक्षिण कोरियाचे दरडोई उत्पन्न सुमारे १५८ डॉलर होते. घानाचे त्याहून थोडे अधिक, तर भारताचे त्याच्या जवळपास निम्मे होते. आज कोरियाने ३० हजार डॉलरची मर्यादा केव्हाच ओलांडली आहे. घानाचा आकडा २०२३ मध्ये सव्वादोन हजारांच्या आसपास होता आणि भारताचा अडीच हजारांच्या जवळ. डॉलरमधील अशा आकड्यांवर विनिमय दराची सावली असते. शंभर रुपयांत आपल्याकडे जे मिळते ते तेवढ्याच मोलाच्या डॉलरमध्ये अमेरिकेत मिळत नाही. क्रयशक्तीनुसार दुरुस्त केलेल्या आकड्यांत ही अंतरे बरीच कमी होतात. देशांचा क्रम मात्र फारसा बदलत नाही.

१९६० मध्ये कोणी पैज लावली असती तर ती बहुधा घानावर लावली असती. १९५७ मध्ये स्वतंत्र झालेल्या या देशापाशी कोकोचे भरघोस पीक होते, परकीय चलनाचा साठा होता आणि क्वामे एन्क्रुमा यांच्यासारखा जगभर मान असलेला नेता होता. याउलट कोरिया युद्धाने उद्ध्वस्त झालेला आणि अमेरिकेच्या मदतीवर गुजराण करणारा देश होता. आशियाविषयी एकंदरीतच फारशी आशा कोणाला वाटत नव्हती. गुन्नार मिर्दाल यांचा 'एशियन ड्रामा' हा त्रिखंडात्मक ग्रंथ १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. दक्षिण आशियाविषयी त्याचा सूर निराशेचा होता.

कोरियाच्या यशाची कारणे आता बरीच सर्वपरिचित आहेत. १९५० च्या सुमारास तेथे जमिनीच्या मालकीची मुळापासून फेरवाटणी झाली, प्राथमिक शिक्षण जवळजवळ सर्वांपर्यंत पोहोचले आणि १९६० च्या दशकापासून सरकारने उद्योगांना कर्ज देताना निर्यातीची अट घातली. पार्क चुंग ही यांची लष्करी राजवट दडपशाहीची होती आणि कामगारांनी त्याची मोठी किंमत मोजली, हेही विसरता कामा नये. परंतु या साऱ्या चर्चेत एका गोष्टीकडे दुर्लक्ष होते. १९६० पासूनच्या सहा दशकांत कोरियाचे राष्ट्रीय उत्पादन केवळ तीनदा घटले : १९८० मध्ये, १९९८ च्या आर्थिक संकटात आणि २०२० च्या महासाथीत. प्रत्येक वेळी तो देश पुढच्याच वर्षी सावरला.

घानाचा आलेख याच्या नेमका उलट आहे. कोकोच्या खरेदीची मक्तेदारी सरकारी मंडळाकडे होती. ते शेतकऱ्याला जागतिक बाजारभावाचा जेमतेम अंश देत असे आणि उरलेल्या रकमेतून शहरांचा व उद्योगांचा खर्च चाले. साहजिकच शेतकऱ्यांनी नवी झाडे लावणे सोडले, अनेकांनी माल चोरून शेजारच्या देशांत नेला. १९६० च्या दशकाच्या मध्यास साडेपाच लाख टनांवर गेलेले कोकोचे उत्पादन १९८३-८४ मध्ये एक लाख साठ हजार टनांपर्यंत खाली आले. १९६६ मध्ये लष्कराने सत्ता बळकावली आणि पुढे उठावांची मालिकाच सुरू झाली. १९७५ या एकाच वर्षात देशाचे उत्पादन सुमारे बारा टक्क्यांनी घटले. १९८१ पासून सलग तीन वर्षे ते घटतच राहिले. त्यातच दुष्काळ पडला आणि नायजेरियाने हाकलून दिलेले सुमारे दहा लाख घानावासी मायदेशी परतले. १९८३ नंतर घाना हळूहळू सावरला आणि त्यानंतरची त्याची वाटचाल मुळीच वाईट नाही. परंतु जो काळ कोरियाने इमारत उभारण्यात घालवला, तो घानाचा पायाच खचण्यात गेला होता.

फळ्यावरचा हिशेब

कोसळण्याची किंमत किती मोठी असते, हे एका साध्या गणिताने स्पष्ट होईल. समजा, एका देशाचे दरडोई उत्पन्न दर दहा वर्षांपैकी आठ वर्षे सहा टक्क्यांनी वाढते आणि दोन वर्षे सहा टक्क्यांनी घटते. दुसरा देश दरवर्षी चारच टक्क्यांनी वाढतो, पण कधीही घसरत नाही. कोण पुढे जाईल? वर्गातील बहुतेक विद्यार्थी पहिल्या देशाच्या बाजूने कौल देतात. प्रत्यक्षात दहा वर्षांनंतर पहिल्या देशाचे शंभर रुपये १४१ झालेले असतात आणि दुसऱ्याचे १४८. पन्नास वर्षे हाच क्रम चालला तर पहिला देश साडेपाच पटींवर असतो आणि दुसरा सात पटींच्या पुढे. पहिल्या देशाच्या प्रत्येक दशकातील आठ वर्षे वृत्तपत्रांत अभिनंदनाचे मथळे आले असतील. दुसऱ्या देशाविषयी कदाचित एकदाही नाही.

हे केवळ फळ्यावरचे गणित नव्हे. स्टीफन ब्रॉडबेरी आणि जॉन वॉलिस या दोन अभ्यासकांनी अनेक देशांच्या दीर्घ कालखंडातील आकडेवारीची छाननी करून २०१७ मध्ये हाच निष्कर्ष मांडला. आजचे श्रीमंत देश श्रीमंत झाले ते मुख्यतः वाढीच्या वर्षांतील वेग वाढल्यामुळे नव्हे, तर घटीची वर्षे कमी आणि सौम्य होत गेल्यामुळे. गरीब देशही वाढीच्या वर्षांत चांगलेच वाढतात. पण त्यांच्या वाट्याला घटीची वर्षे अधिक येतात.

चीनचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्या देशाच्या वेगाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु १९५९ ते १९६१ या काळात 'मोठ्या झेपे'च्या धोरणातून ओढवलेल्या दुष्काळात तेथे कोट्यवधी माणसे मेली आणि एकट्या १९६१ मध्ये उत्पादन एक-चतुर्थांशाहून अधिक घटले, हे विस्मरणात जाते. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात ते पुन्हा घटले. १९७६ नंतर मात्र चीनच्या अधिकृत आकडेवारीत घटीचे एकही वर्ष नाही. २०२० सुद्धा नाही. १९९० मध्ये चालू डॉलरमध्ये चीनचे दरडोई उत्पन्न भारतापेक्षा कमी होते. आज ते आपल्या पाचपट आहे. चीनच्या आकड्यांविषयी शंका घेण्यास जागा आहे, पण कितीही शंका घेतली तरी हे अंतर पुसले जात नाही.

आपल्या देशाचे काय? स्वातंत्र्यानंतर १९५७-५८, १९६५-६६, १९७२-७३ आणि १९७९-८० या वर्षांत आपले राष्ट्रीय उत्पन्न घटले. प्रत्येक वेळी पावसाने दगा दिला होता. १९७९-८० मध्ये खनिज तेलाच्या भाववाढीचीही त्यात भर पडली आणि ती घट पाच टक्क्यांहून अधिक होती. त्यानंतर २०२०-२१ पर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे, भारताचे एकूण उत्पन्न एकदाही घटले नाही. १९९१-९२ च्या परकीय चलनाच्या पेचप्रसंगात वाढ अत्यल्प झाल्याने दरडोई उत्पन्न किंचित खाली आले, एवढेच. १९८७ चे अवर्षण १९६५ च्या अवर्षणाहून सौम्य नव्हते. तरीही त्या वर्षी राष्ट्रीय उत्पन्न घटले नाही. दरम्यान सिंचन वाढले होते, सरकारी गोदामांत धान्य होते आणि राष्ट्रीय उत्पन्नातील शेतीचा वाटा कमी झाला होता. उदारीकरणाच्या बाजूने आणि विरोधात आपण तीन दशके वाद घालत आलो आहोत. पण आपल्या अर्थव्यवस्थेच्या दीर्घ चढणीची सुरुवात या शांत, अप्रसिद्ध बदलापासून होते, याकडे दोन्ही पक्षांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

अर्थात, न पडणे म्हणजेच चढणे नव्हे. पहिल्या तीन दशकांत आपण चारदा घसरलो हे खरे. परंतु त्या काळातील मंद वाढीचे खापर केवळ घसरणीवर फोडता येणार नाही. घसरण नसलेल्या वर्षांतही आपला वेग बेताचाच होता. प्राथमिक शिक्षणाची उपेक्षा, परवान्यांचे जंजाळ आणि निर्यातीविषयीची उदासीनता यांची ती फळे होती. वेग नकोच, असे येथे सुचवायचे नाही. गमावण्याचा धोका पत्करून मिळवलेला वेग टिकत नाही, एवढाच मुद्दा आहे.

देश का कोसळतात?

घसरणीची कारणे देशागणिक वेगळी असली तरी त्यांत काही साम्य आहे. पहिले कारण एकाच पिकावर किंवा एकाच खनिजावर विसंबून राहणे. झांबियाच्या निर्यातीत नव्वद टक्क्यांहून अधिक वाटा तांब्याचा होता. १९७५ च्या सुमारास तांब्याचे भाव कोसळले आणि पुढील दोन दशके तो देश घसरतच राहिला. १९९० च्या दशकाच्या मध्यास सरासरी झांबियन माणसाचे वास्तव उत्पन्न १९६४ च्या, म्हणजे स्वातंत्र्याच्या वेळच्या, उत्पन्नापेक्षाही कमी होते. व्हेनेझुएलाचे तेल हे त्याच कथेचे अलीकडचे प्रकरण. २०१३ नंतरच्या आठ वर्षांत त्या देशाचे उत्पादन जवळजवळ तीन-चतुर्थांशांनी घटले. युद्धाविना एवढी घसरण आधुनिक इतिहासात क्वचितच झाली असेल.

दुसरे कारण उसनवारीवरचा वेग. ब्राझीलने १९६८ ते १९७३ या काळात वर्षाला दहा टक्क्यांच्या आसपास वाढ साधली तेव्हा त्या 'चमत्कारा'चे गोडवे जगभर गायिले गेले. तेलाचे भाव भडकल्यावरही तो वेग टिकवण्यासाठी लॅटिन अमेरिकेतील देशांनी परदेशी बँकांकडून डॉलरमध्ये कर्जे घेतली. अमेरिकेतील व्याजदर चढले आणि ऑगस्ट १९८२ मध्ये मेक्सिकोने कर्जफेडीबाबत हात वर केले. त्यानंतरच्या दहा वर्षांना त्या खंडात 'गमावलेले दशक' असेच म्हटले जाते.

परंतु भाव पडणे, पाऊस न येणे, व्याजदर चढणे हे धक्के सर्वांनाच बसतात. काही देश त्यांतून दोन वर्षांत बाहेर पडतात, काही वीस वर्षे अडकतात. असे का व्हावे? अर्थशास्त्रज्ञ दानी रॉड्रिक यांनी १९७० च्या दशकातील धक्क्यांचा अभ्यास करून या प्रश्नाचे जे उत्तर दिले, ते या विषयाच्या गाभ्याशी जाते. धक्का बसल्यावर झालेला तोटा कोणी किती सोसायचा, हे ठरवावे लागते. ज्या समाजात दुही तीव्र असते आणि हा निवाडा करणाऱ्या संस्था दुबळ्या असतात, तेथे प्रत्येक गट तोटा दुसऱ्यावर ढकलतो. निर्णय लांबतो, नोटा छापल्या जातात, महागाई भडकते, आणि मूळ धक्का लहान असला तरी घसरण मोठी होते.

बोट्स्वानाचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. १९६६ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा तो जगातील अत्यंत गरीब देशांपैकी एक होता. पुढच्याच वर्षी तेथे हिऱ्यांची खाण सापडली. झांबियाप्रमाणे हाही एका खनिजाचा देश. परंतु तेथे निवडणुका नियमित झाल्या, हिऱ्यांचे उत्पन्न शाळा, रस्ते आणि दवाखान्यांवर खर्च झाले आणि चांगल्या वर्षांतील शिल्लक वाईट वर्षांसाठी बाजूला ठेवली गेली. काही दशके त्याच्याइतका वेगाने वाढणारा देश क्वचितच होता, आणि आज त्याचे दरडोई उत्पन्न भारताच्या दुपटीहून अधिक आहे. तथापि त्याचीही परीक्षा संपलेली नाही. प्रयोगशाळेत बनवलेल्या हिऱ्यांमुळे मागणी मंदावली आणि २०२४ मध्ये त्याचे उत्पादन घटले. एका वस्तूवर उभा असलेला देश कितीही शहाणा असला तरी तो पूर्णतः निर्धास्त होऊ शकत नाही.

सरासरीच्या आतली घसरण

येथवर देशांच्या सरासरीविषयी लिहिले. परंतु घसरण नेहमीच राष्ट्रीय आकड्यांत दिसते असे नाही. १९७२-७३ मध्ये भारताचे राष्ट्रीय उत्पन्न अर्ध्या टक्क्यानेही घटले नव्हते. महाराष्ट्रात मात्र 'बहात्तरचा दुष्काळ' हे शब्द आजही कालगणनेसारखे वापरले जातात. प्रस्तुत लेखकाचा जन्म त्यानंतरचा. पण लाल मिलो ज्वारीच्या भाकरी, केंद्रावर मिळणारी सुकडी आणि खडी फोडून हातांना आलेले फोड यांच्या गोष्टी ऐकतच तो मोठा झाला. वडील त्या वर्षी नववीत होते. ते खडी फोडायला गेले आणि पुन्हा शाळेत गेले नाहीत. पुढे पाऊस आला, शेते पिकली, राज्याचे उत्पन्न पूर्ववत झाले. वडिलांची नववी तेवढी राहून गेली.

या दुष्काळातून महाराष्ट्राने एक मोलाची गोष्टही शिकून घेतली. वि. स. पागे यांनी आग्रहाने मांडलेली रोजगार हमीची कल्पना राज्यभर राबवली गेली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि तिच्या खर्चासाठी शहरांतील नोकरदारांवर व्यवसाय कर बसवण्यात आला. प्राध्यापकांच्या पगारपत्रकात आजही दरमहा दोनशे रुपयांची ती कपात असते आणि तिच्याविषयी कुरकुर करणारे सहकारी थोडे नाहीत. परंतु तोटा कोणी सोसायचा, या रॉड्रिक यांच्या प्रश्नाला एका राज्याने त्या काळी दिलेले ते उत्तर होते : ज्याचा पगार पावसावर अवलंबून नाही त्याने थोडा भार उचलावा. २००५ मध्ये संपूर्ण देशासाठी असा कायदा करताना महाराष्ट्राचाच अनुभव डोळ्यांसमोर होता.

दुसरी घसरण आपण सर्वांनी पाहिली. २०२०-२१ मध्ये राष्ट्रीय उत्पन्न सुमारे सहा टक्क्यांनी घटले आणि पुढच्याच वर्षी ते पूर्वपदावर आले. आलेखात ती एक खोल, पण अरुंद खाच दिसते. मुंबई-नाशिक महामार्गावरून डोक्यावर बोचकी घेऊन चालत निघालेली माणसे त्या खाचेत होती. त्या वर्षी आमच्या महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात नियमित येणारी काही मुले वर्ग पुन्हा सुरू झाल्यावर आलीच नाहीत. एकाविषयी चौकशी केली तेव्हा कळले की वडिलांचे काम सुटल्यामुळे तो एका गोदामात माल उतरवण्याच्या कामाला लागला आहे. "पुढच्या वर्षी येतो, सर," असे तो फोनवर म्हणाला. ते पुढचे वर्ष अजून आलेले नाही. देशाची सरासरी वर्षभरात सावरली. त्या मुलाच्या आयुष्यातील उत्पन्नाची रेषा मात्र कायमची खाली सरकली. अठ्ठेचाळीस वर्षांच्या अंतराने घडलेल्या या दोन गोष्टींत प्रस्तुत लेखकाला फारसा फरक दिसत नाही.

प्रदेशांच्या बाबतीतही हेच म्हणता येईल. १९६०-६१ मध्ये पश्चिम बंगालचे दरडोई उत्पन्न राष्ट्रीय सरासरीच्या सुमारे सव्वापट होते. आज ते सरासरीच्या बरेच खाली आहे. बिहारचे उत्पन्न सरासरीच्या एक-तृतीयांशाजवळ अडकले आहे. महाराष्ट्र सरासरीच्या पुष्कळ वर आहे खरा, पण ती उंची मुख्यतः मुंबई, ठाणे आणि पुणे यांची आहे. नंदुरबार किंवा गडचिरोली येथील माणसाला ती उंची फक्त ऐकून माहीत आहे.

कोणते प्रश्न विचारावेत?

२०४७ पर्यंत भारत विकसित राष्ट्र व्हावा, असे उद्दिष्ट सरकारने जाहीर केले आहे. त्यासाठी दोन दशकांहून अधिक काळ जवळजवळ आठ टक्क्यांचा वेग हवा, असे अंदाज वारंवार मांडले जातात. उद्दिष्ट उच्च असण्यात काहीच गैर नाही. परंतु एवढ्या दीर्घ काळात धक्के बसणार, हे गृहीत धरावेच लागेल. पाऊस अधिकाधिक बेभरवशाचा होत आहे, जागतिक व्यापाराचे वारे फिरले आहेत आणि खनिज तेलासाठी आपण अद्यापि परदेशांवर अवलंबून आहोत. वेगाचे उद्दिष्ट ठरवणाऱ्यांनी घसरणीसाठी काय तरतूद केली आहे, हे विचारण्याचा नागरिकांना अधिकार आहे.

तेव्हा यापुढे राष्ट्रीय उत्पन्नाचे आकडे प्रसिद्ध होतील तेव्हा वाढीच्या दराबरोबर आणखी काही प्रश्नांची उत्तरे मागितली जावीत. या वर्षी किती कुटुंबांचे उत्पन्न घटले? कोणत्या जिल्ह्यांत ते घटले? आजारपण, अवर्षण किंवा बेकारी यांमुळे किती मुलांनी शिक्षण सोडले आणि त्यांतील किती परत आली? कुटुंबांच्या उत्पन्नाची नियमित, विश्वासार्ह आणि जिल्हावार पाहणी झाल्याशिवाय या प्रश्नांना उत्तर मिळणार नाही. दादाभाईंनी दीडशे वर्षांपूर्वी वीस रुपयांच्या शेजारी चौतीस रुपये ठेवले होते. आज दोन लाखांच्या शेजारी ठेवण्याचा आकडा आपल्यापाशी नाही, ही स्थिती समाधानाची म्हणता येणार नाही.

आणि केवळ मोजून भागणार नाही. दुष्काळाच्या वर्षी मजुराला काम, आजारपणात कुटुंबाला उपचार आणि घरचे उत्पन्न बुडाल्यावर मुलाला शिष्यवृत्ती मिळण्याची हमी असणे, याला अर्थसंकल्पाच्या भाषेत 'अनुत्पादक खर्च' म्हणण्याची प्रथा आहे. जे देश पुढे गेले त्यांचा इतिहास या प्रथेला पुष्टी देत नाही. वडिलांचे काम सुटल्यावर त्या मुलाचे शुल्क आणि घरखर्चास थोडा आधार वर्षभर मिळाला असता, तर तो आज पदवीधर असता. असा खर्च महाग आहे की स्वस्त, हे ठरवताना त्याच्या उरलेल्या चाळीस वर्षांच्या कमाईचाही हिशेब मांडला पाहिजे.